सोयाबीनचे वाण प्रदेशागणिक कसे बदलत गेले आणि आपल्या कृष्णा-पंचगंगा खोऱ्याच्या वाट्याला काय आले

पंचगंगाकाठ (हातकणंगले)

नमस्कार. मृग जवळ आला की कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात एकच चौकशी सुरू होते: यंदा कोणत्या सोयाबीनला उतार जास्त आहे? उतार हा वाणाच्या अंगचाच गुण आहे आणि बियाण्याच्या पिशवीबरोबर तो कुठेही नेता येतो, असे या चौकशीत धरून चाललेले असते. सोयाबीनला हे फारसे लागू पडत नाही. या पिकाची पैदास जगात कुठे, कशासाठी आणि कोणत्या अडचणीतून झाली हे पाहिले, तर प्रत्येक चांगला वाण मुळात एका ठरावीक मुलखाच्या गरजेतून घडलेला दिसतो. म्हणून हा धागा काढत आहे.

सोयाबीनचा रानटी पूर्वज चीन, कोरिया, जपान या भागात आजही सापडतो. तो वेलीसारखा वाढतो, त्याचे बी बारीक व काळे असते आणि शेंग वाळली की तडकून बी दूर उडते. उभे झाड, मोठा पिवळा दाणा आणि काढणीपर्यंत न फुटणारी शेंग हे सारे तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांच्या निवडीतून मिळवलेले आहे.

मात्र एक गोष्ट त्या निवडीनेही पूर्णपणे गेली नाही, ती म्हणजे दिवसाच्या लांबीशी या झाडाचे असलेले नाते. अमेरिकेतील गार्नर व अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी बिलॉक्सी नावाचे सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरून पाहिले, तेव्हा लवकर पेरलेले व उशिरा पेरलेले पीक जवळजवळ एकाच सुमारास फुलोऱ्यात आले. त्यांचा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि झाडे दिवसमान ओळखतात हे शास्त्राला कळले. सोयाबीनचे झाड खरे तर रात्रीची लांबी मोजते. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलते आणि फुलोरा सुरू झाल्यावर बहुतेक वाणांची वाढ मंदावते किंवा थांबते.

आता हे आपल्या मुलखाला लावून पाहा. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमधला आपला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तासांचा असतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, तोच दिवस १५ तासांचा असतो. तिथला उत्तम वाण आपल्याकडे जूनमध्ये पेरला, तर त्याच्या दृष्टीने रात्र आधीच मोठी झालेली असते आणि झाड वीतभर उंचीचे असतानाच फुलते. याच कारणाने अमेरिकेत वाणांची ०००, ००, ० आणि पुढे १ ते १० अशी पक्वतेच्या गटांत विभागणी केलेली आहे. कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेकडे जावे तसा गट बदलतो.

अमेरिकेत हे पीक आधी वैरणीसाठी घेतले जाई. धान्यासाठीचे क्षेत्र वैरणीच्या पुढे गेले ते १९४० च्या सुमारास. त्याआधी १९२९ ते १९३१ या काळात डॉर्सेट आणि मोर्स हे दोघे जपान, कोरिया व चीनमध्ये हिंडून सोयाबीनचे हजारो नमुने घेऊन आले. पुढच्या पैदाशीला तो साठा उपयोगी पडला खरा, पण प्रत्यक्षात त्यातले मोजकेच नमुने वारंवार वापरले गेले, त्यामुळे अमेरिकी सोयाबीनचा वंशपाया अरुंद राहिला. १९२४ मध्ये त्यांचा सरासरी उतारा एकरी सुमारे ३ क्विंटल होता आणि आता तो साडेतेरा क्विंटलांच्या आसपास आहे. ही सगळी वाढ केवळ वाणाची नव्हे, कारण लवकर पेरणी, तणनियंत्रण आणि यंत्रे यांचाही तिच्यात वाटा आहे. तरीही १९२० च्या दशकापासूनचे जुने-नवे वाण तिथे एकाच शेतात शेजारी शेजारी लावून तपासले गेले, तेव्हा नवे वाण अधिक उतार देणारे, बुटके, कमी लोळणारे आणि तेलाचे प्रमाण थोडे वाढलेले निघाले. दाण्यातली प्रथिने मात्र घटलेली होती. उताऱ्याची ही किंमत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

ब्राझीलची कथा मला सर्वांत बोधक वाटते, कारण ती आपल्यासारख्याच उष्ण मुलखाची आहे. तिथे सोयाबीन आधी थंड दक्षिण भागात रुजले. विषुववृत्ताकडच्या सेराडो पठारावर तेच वाण नेले की झाडे खुजी राहत आणि शेंगा जमिनीला टेकत. रोमेउ कील यांच्यासारख्या पैदासकारांनी मोठ्या रात्रीतही उशिरा फुलणारी, म्हणजे बाल्यावस्था लांबलेली झाडे हेरून तो गुण नव्या वाणांत आणला. १९७५ मध्ये लोंद्रिना येथे एम्ब्रापा या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेचे सोयाबीन केंद्र सुरू झाले. आम्लधर्मी जमिनीला चुन्याची जोड आणि बियाण्याला जिवाणू चोळण्याची पद्धत यांच्यासह हे वाण पठारावर पसरले.

आपल्याकडच्या घडामोडी पुढच्या पोस्टमध्ये लिहितो. तोपर्यंत सीमाभागातल्या आणि शिरोळच्या मंडळींनी आपापला अनुभव लिहावा.

कुरुंदवाडकर

दादा, विषय चांगला काढलात. आमच्या भागातली अडचण मांडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात ८५ दिवसांत येणाऱ्या वाणाची मोठी चर्चा झाली. 'लवकर मोकळे होते, मागे हरभरा किंवा ऊस लवकर लावता येतो,' असे सांगून एका दुकानदाराने तेच बियाणे गावात बऱ्याच जणांना दिले. पीक दिसायला उत्तम होते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेले ते सोयाबीन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाळले आणि नेमका तेव्हाच परतीच्या आधीचा पाऊस लागून राहिला. काळ्या रानात आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, मग काढणी कशी करायची? शेंगांच्या आत दाण्यांना मोड आले, उरलेले दाणे काळे पडले आणि बाजारात दर पाडून मिळाला. शेजारच्या रानात १०० दिवसांपुढचा वाण तेव्हा हिरवा उभा होता, तो ऑक्टोबरच्या उन्हात व्यवस्थित निघाला.

माझा प्रश्न असा आहे की, इतक्या कमी दिवसांचे वाण काढण्यामागे पैदासकारांचा विचार काय असतो?

पंचगंगाकाठ (हातकणंगले)

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माळव्यात आहे, म्हणून भारताचा इतिहास इथेच सांगतो.

आपल्या देशात सोयाबीन अगदी नवे नव्हते. कुमाऊँच्या डोंगरात काळा भट आणि मध्य भारतात कालीतूर नावाचे काळ्या दाण्याचे जुने सोयाबीन पिढ्यान् पिढ्या पेरले जात होते. पिवळ्या सोयाबीनची व्यापारी शेती मात्र १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने उभी केली. ब्रॅग, ली, क्लार्क ६३, डेव्हिस असे अमेरिकी वाण आणून तपासले गेले. त्यांतला ब्रॅग हा फ्लोरिडाचा, म्हणजे दक्षिणेकडचा वाण आपल्याकडे चांगला जुळला, याचे कारण पुन्हा दिवसमानच. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९६७ मध्ये सुरू झाला आणि इंदूरचे राष्ट्रीय केंद्र १९८७ मध्ये.

त्यानंतर जबलपूर विद्यापीठाचा जेएस ३३५ आला. हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला, ९५ ते १०० दिवसांत येतो, फुले जांभळी, शेंगेवर लव नाही आणि दाण्याचा डोळा काळा. मध्य प्रदेशापासून मराठवाड्यापर्यंत त्याने इतकी राने व्यापली की कित्येक वर्षे सोयाबीन म्हणजे तीनशे पस्तीस असेच समीकरण झाले होते.

माळव्यात पाऊस सप्टेंबरात ओसरतो आणि त्यानंतर शेतकऱ्याला बटाटा, लसूण किंवा गहू वेळेवर लावायचा असतो. शेवटच्या पंधरवड्यात पावसाने ताण दिला, तर शेंगा भरण्याआधीच पीक सुकते. यातून सुटण्यासाठी जेएस ९३-०५, मग जेएस ९५-६० आणि जेएस २०-३४ असे लवकर येणारे वाण निघाले. ते त्या मुलखासाठी योग्यच आहेत. आपल्याकडे सप्टेंबरात पावसाची भीती असते आणि त्यांच्याकडे पाऊस संपण्याची. एका ठिकाणी ज्या गुणामुळे पीक वाचते, तोच गुण दुसऱ्या ठिकाणी पिकाला पावसात सापडवतो.

शिवाय दिवस कमी केले की झाडाला पाने वाढवायला आणि दाणा भरायला मिळणारा काळही घटतो. पाण्याची सोय असलेल्या आपल्या रानात हा तोटा कशासाठी सोसायचा, हे ज्याने त्याने आपल्या पुढच्या पिकाकडे पाहून ठरवावे. आडसाली उसात आंतरपीक म्हणून घेणाऱ्याचे गणित वेगळे असते. तिथे ऊस फुटवे धरू लागण्याआधी सोयाबीन निघाले पाहिजे आणि ते उसावर लोळता कामा नये.

निपाणीकर

तांबेऱ्याशिवाय या भागातल्या सोयाबीनचा इतिहास पुरा होणार नाही.

आमच्याकडे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात आणि तुमच्या कोल्हापूर-सांगलीत, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तांबेरा मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. नेमका त्याच काळात जेएस ३३५ पसरत होता आणि तो या रोगाला बळी पडणारा आहे. ज्यांनी तो रोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑगस्टच्या अखेरीस झड लागते, हवा गार होते आणि पाने दिवसदिवस ओली राहतात. तेव्हा झाडाचे सर्वांत खालचे पान उलटे करून पाहावे. पानाच्या खालच्या बाजूला राखाडी-तपकिरी रंगाचे बारीक फोड दिसतात आणि त्यावरून बोट फिरवले की बोटाला तांबूस भुकटी लागते. त्यानंतर रोग भराभर वर चढतो, पाने गळतात आणि शेंगांत पापडी दाणा राहतो.

कृष्णाकाठचे उगार खुर्द हे गाव या रोगाचे हमखास ठिकाण असल्यामुळे देशभरातल्या नव्या वाणांची तांबेऱ्यासाठी चाचणी तिथे होत आली आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने याच जेएस ३३५ चा ईसी २४१७७८ या रोगप्रतिकारक नमुन्याशी संकर करून डीएसबी २१ हा वाण काढला. लोकांच्या ओळखीचा वाण हाती ठेवून त्यात फक्त उणीव भरून काढण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

पंचगंगाकाठ (हातकणंगले)

निपाणीकर, हेच हवे होते. महाराष्ट्राच्या बाजूला हे काम सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने केले. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. फुले अग्रणी म्हणजे केडीएस ३४४, फुले संगम म्हणजे केडीएस ७२६, फुले किमया म्हणजे केडीएस ७५३ आणि फुले दूर्वा म्हणजे केडीएस ९९२. यांतले केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. फुले संगम साधारण १०० ते १०५ दिवसांत येतो, झाड पसरते, दाणा टपोरा असतो आणि तांबेऱ्यापुढे तो टिकून राहतो. आपल्या झडीच्या पावसात आणि आपल्याच तांबेऱ्यात तावून सुलाखून निघालेला वाण आपल्याकडे चालावा, हे स्वाभाविक आहे.

आता फुले संगम विदर्भ-मराठवाड्यातही मोठ्या प्रमाणावर जातो. भारी जमीन आणि पाण्याची सोय असेल तिथे तो उत्तम येतो. हलक्या, कोरडवाहू रानात मात्र सप्टेंबरचा ताण पडला की जास्त दिवसांच्या वाणाला तो अधिक बोचतो. तिथल्या रोगांची यादीही वेगळी आहे. तांबेऱ्यापेक्षा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक आणि मूळकूज यांनी २०२३ च्या हंगामात विदर्भात मोठे नुकसान केले. त्या भागासाठी परभणीचे एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ आणि अकोल्याचे सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा असे तिथेच पारखलेले वाण आहेत.

पैदासशास्त्राचा विद्यार्थी, शेंडा पार्क

सर, पैदाशीची प्रत्यक्ष कृती इथे लिहितो, म्हणजे वाण निघायला इतकी वर्षे का लागतात ते समजेल.

सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच त्यात आपोआप परागीकरण झालेले असते. त्यामुळे संकर करायचा तर पाकळीचा जांभळा टोकदार भाग निदलांतून किंचित डोकावू लागलेली कळी निवडावी लागते. बारीक चिमट्याने निदले सोलायची, पाकळ्या आणि परागकोश एकत्र उचलून काढायचे आणि दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलाचे पराग त्या कुक्षीला हलकेच लावायचे. कळी काही मिलिमीटरचीच असते, त्यामुळे कुक्षीला चिमट्याचा धक्का लागला की ती वाळून गळते. एवढे करून बहुतेक कळ्या गळतातच आणि धरलेल्या शेंगेत एक, दोन किंवा फार तर तीन दाणे मिळतात.

त्या दाण्यांपासून पुढे पाच-सहा पिढ्या निवड करीत ओळ स्थिर करायची, नंतर केंद्रावर चाचण्या आणि त्यानंतर समन्वित प्रकल्पात वेगवेगळ्या विभागांत तीन वर्षांच्या चाचण्या. संकरापासून शेतकऱ्याच्या हाती बियाणे येईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. या समन्वित चाचण्या देशाचे विभाग पाडूनच घेतल्या जातात आणि शिफारसही विभागापुरती असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस १४०७ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तो महाराष्ट्रात तयार झाला, पण त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी आहे.

आणखी एक बाब नोंदवतो. जेएस ९३-०५ सारख्या वाणांत चार दाण्यांच्या शेंगा दिसतात आणि त्यांची पाने अरुंद असतात. हे दोन्ही गुण एकाच जनुकामुळे एकत्र येतात. त्यामुळे चार दाण्यांची शेंग दिसली म्हणजे उतार जास्तच येणार, असे समजू नये. झाडावर एकूण शेंगा किती आणि दाण्याचे वजन किती, यावर हिशेब ठरतो.

शिक्षिका, राजारामपुरी

मी शेती करत नाही, पण घरी सोयाबीन नियमित वापरते. दाणे भिजवून उकळल्याशिवाय खाऊ नयेत असे आम्ही मुलींना शिकवतो, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. खाण्याच्या दृष्टीने पैदास झाली आहे का? १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग करून 'हरिजन'मध्ये त्याविषयी लिहिले होते, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

पैदासशास्त्राचा विद्यार्थी, शेंडा पार्क

होय, मॅडम. इंदूरच्या संस्थेचा एनआरसी १२७ हा पचनरोधक कुनिट्झ घटक नसलेला भारतातला पहिला वाण आहे. त्यानंतरच्या एनआरसी १४२ मध्ये तो घटक नाही आणि उग्र, कच्चट वासाला कारणीभूत असलेल्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एक विकरसुद्धा काढून टाकलेले आहे. आघारकर संस्थेनेही एमएसीएस एनआरसी १६६७ हा कुनिट्झमुक्त वाण दिला आहे. जपानमध्ये टोफूसाठी मोठ्या दाण्याचे आणि हिरव्या शेंगा खाण्यासाठी गोडसर असे वाण फार पूर्वीपासून वेगळे ठेवलेले आहेत. आपल्याकडे सगळे सोयाबीन तेल आणि पेंडीच्या एकाच भावात जाते, म्हणून असे वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. खरेदीदाराने जादा दर देऊन करार केला तर शिरोळसारख्या भागात ते सहज पिकतील.

हुपरीकर

जनुकीय बदल केलेले सोयाबीन आपल्याकडे आले असते तर उतार वाढला असता का?

पंचगंगाकाठ (हातकणंगले)

अमेरिकेत १९९६ पासून जे सोयाबीन पेरले जाते, त्यातला मूळ बदल तणनाशक सहन करण्याचा आहे. त्याने तणाचा खर्च व कष्ट बदलतात, फुलोऱ्याची वेळ किंवा तांबेरा बदलत नाही. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. २०२१ मध्ये अशा सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्याची मुभा दिली गेली होती, तिचा लागवडीशी संबंध नाही.

कुरुंदवाडकर

एक शेवटची शंका. उन्हाळ्यात बीजोत्पादनासाठी सोयाबीन घ्यावे की नाही? आमच्याकडे बरेच जण घेतात, कारण खरिपातले भिजलेले बी उगवत नाही.

पंचगंगाकाठ (हातकणंगले)

ताई, ही शंका महत्त्वाची आहे आणि तिला दोन बाजू आहेत.

उन्हाळी बियाण्याला पावसाचा मार बसत नाही, म्हणून ते चांगले उगवते, हे खरे. पण तांबेऱ्याच्या बुरशीला जगायला हिरवे पान लागते. खरीप संपल्यावर खोऱ्यात बारा महिने कुठे ना कुठे सोयाबीन उभे असेल, तर रोगाचा मुक्काम हलत नाही. ब्राझीलमध्ये हा रोग २००१ च्या सुमारास शिरला आणि २००६ पासून तिथल्या राज्यांनी वर्षातला ठरावीक काळ शेतात सोयाबीनचे एकही हिरवे झाड ठेवायचे नाही असा नियम केला. त्यांनी वाणही लवकर येणारे निवडले, म्हणजे रोग वाढण्याआधी पीक निघेल आणि मागे मका घेता येईल. प्रतिकारक वाण हातात असला तरी तो मोजक्या जनुकांवर उभा असतो आणि बुरशी बदलत राहते, त्यामुळे वाणावरचा भार कमी करणे आपल्याच हिताचे आहे. माझे मत असे की उन्हाळी सोयाबीन घ्यायचेच तर बीजोत्पादनापुरते घ्यावे, गावाने मिळून एका शिवारात घ्यावे, त्याच्या पानांवर लक्ष ठेवावे आणि काढणीनंतर पडलेल्या दाण्यांची उगवलेली रोपे मोडून टाकावीत.

घरचे बियाणे ठेवण्याला कसलीही आडकाठी नाही. सोयाबीन स्वपरागीत आहे, त्यामुळे ते दोन-तीन हंगाम शुद्ध राहते, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. फुलोऱ्यात असताना रानात फिरून वेगळ्या रंगाच्या फुलांची किंवा वेगळ्या पानांची झाडे उपटून टाकावीत. टपोऱ्या दाण्याचे टरफल मळणीत लवकर तडकते, म्हणून यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, पोती एकावर एक उंच रचू नयेत आणि पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवून त्यांतले सत्तर तरी उगवतात का ते पाहावे.

ज्यांनी यंदा एकाच रानात दोन वाण शेजारी शेजारी पेरले आहेत त्यांनी पेरणीची तारीख, पहिले फूल दिसल्याची तारीख आणि काढणीच्या आठवड्यातला पाऊस या तीन गोष्टी इथे नोंदवाव्यात. शिरोळचे काळे रान, हातकणंगलेचे मध्यम रान आणि राधानगरी-भुदरगडकडची जास्त पावसाची रानेसुद्धा त्यात आली, तर पुढच्या मृगाआधी आपल्याला तालुक्यागणिक वाण सुचवता येतील.